धुऱ्यावरचा दगड

आमच्या संग्रहालयात माझं काम प्लास्टरचं. जीवाश्म सापडला की त्यावर ओला कागद, आणि वरून प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. मोडलेल्या पायाला बांधतात तसंच. साहेब शोधायचे, मी बांधायचो आणि वर्तमानपत्रात फोटो साहेबांचा यायचा. असो.

सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात आम्ही मेडशीच्या बाजूला गेलो होतो. मेडशी आता वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा ते सारं अकोला जिल्ह्यातच होतं. तिथं तलावाचं काम सुरू होतं. त्यात बुडणाऱ्या एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साहेबांना ताडासारख्या झाडाच्या खोडाचा तुकडा दिसला. खोडाचा पार दगड झालेला. साहेब तिथंच मांडी घालून बसले. मी पट्ट्या भिजवायला घेतल्या, तेवढ्यात वावरवाली बाई धावत आली.

"हात नोका लावू त्याले! खाली माहं लेकरू हाय."

तान्हं मूल गेलं की पुरतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून तिनं आणि नवऱ्यानं तो दगड लोटत आणून वर ठेवला होता. साहेबांनी टोपी काढली. "राहू द्या," ते मला म्हणाले, "सामान आवरा." त्या माणसाबद्दल इतका आदर मला आधी कधी वाटला नव्हता.

सामान जीपमध्ये चढवत होतो, तेव्हा ती परत आली.

"तलाव भरला का हे सारं पाण्याखाली जाईन ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग मी त्याले कुठं पाहू? न्या तुमी. पण मले तिथं येऊ देसान का?"

"कधीही या, बाई," साहेब म्हणाले.

मी दगडाला पट्ट्या गुंडाळत होतो तोवर ती शेजारी बसून होती. इतक्या हळू हातानं मी कधीच काम केलेलं नाही.

काही वर्षांनी ती खरंच आली. दगड दालनात होता, पुढं दोरी, दोरीवर 'हात लावू नये' अशी पाटी. तिला वाचता येत नव्हतं, पण दोरी कळत होती. ती अलीकडंच हात जोडून उभी राहिली. शाळेच्या पोरांवर त्याच दोरीवरून रोज खेकसणारा माणूस मी. मी दोरी सोडली.

तिनं दगडावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"तिथं उन्हात लय तपे," ती म्हणाली. "इथं थंडा हाय. बरं झालं."