न विचारता तपासलेली वही

चँडलर, ॲरिझोना. ऐंशीच्या दशकातला जानेवारीतला एक सोमवार. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही... बायकोला माहीत आहे, कारण तिने वेळीच सावध केलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा मी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्ट इंजिनियर होतो. आमच्या डिपार्टमेंटची सेक्रेटरी डॉरथी, पन्नाशीची, विधवा. मी खरडलेले रिपोर्ट ती टाइप करायची आणि माझी चुकलेली स्पेलिंगं गुपचूप सुधारायची. ते मला फार उशिरा कळलं.

तिचा मुलगा टॉम त्या वर्षी एका प्रोफेशनल फुटबॉल टीममध्ये क्वार्टरबॅक म्हणून लागला होता. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो... क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, ज्याच्या डोक्याने टीम चालते तो. खेळाडूच्या पहिल्या वर्षाला रूकी सीझन म्हणतात.

टीम लांब पूर्वेकडची. तिच्या मॅचेस आमच्याकडे क्वचितच दिसायच्या. मग तिकडे राहणारी डॉरथीची बहीण रेडिओजवळ फोन धरायची, आणि डॉरथी इकडे किचनमध्ये बसून एकेक थ्रो वहीत लिहून घ्यायची. अख्खा सीझन.

मला तेव्हा फुटबॉलचं नवं नवं वेड लागलं होतं. गणपतीला जमलेल्या मराठी मंडळींना मी नियम समजावून सांगायचो. मंडळी मोदक खाता खाता ऐकून घ्यायची... त्यामुळे मी स्वतःला एक्स्पर्ट समजायला लागलो होतो.

तर त्या सोमवारी डॉरथीने ती वही माझ्या टेबलावर ठेवली. फेब्रुवारीत मुलगा वाढदिवसाला घरी येणार होता, त्याला ती भेट द्यायची होती. तुम्ही ग्राफ सुरेख काढता, शेवटच्या कोऱ्या पानावर पूर्ण सीझनचा एक काढून द्याल का, एवढंच तिचं म्हणणं.

एवढंच. पण घरी येऊन वही उघडली आणि माझ्यातला मास्तरांचा मुलगा जागा झाला. वडील साताऱ्याला गणित शिकवायचे. वही समोर आली की ती तपासायची, हे आमच्याकडे जेवणाआधी हात धुण्याइतकं ठरलेलं.

लाल पेन घेतलं. झेललेले पास बरोबर, सुटलेले चूक. प्रत्येक मॅचखाली टक्केवारी. ती निम्म्याच्या जरा वर आली. नवख्या पोरासाठी त्या काळात हे काही वाईट नव्हतं, आणि एक्स्पर्ट म्हणून मला ते ठाऊक असायला हवं होतं. पण पन्नास-बावन्न टक्के दिसले की आपल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही... जेमतेम सेकंड क्लास.

समासात ठिकठिकाणी पेन्सिलने छोटे गोल काढले होते. अर्थ लागेना. मी तिथे लाल प्रश्नचिन्हं टाकली.

बायको डोकावून म्हणाली, "अहो, तिने तपासायला दिलीये का ती?" तुला फुटबॉलमधलं काय कळतं, असं काहीतरी मी बोललो.

शेवटच्या पानावर ग्राफ काढला. त्याखाली अभिप्राय लिहिला. हात चांगला. निर्णय घ्यायला उशीर लावतो. पुढे फारशी आशा नाही, फार तर राखीव खेळाडू. कॉलेजची डिग्री राहिली असल्यास पूर्ण करावी. खाली सहीसुद्धा ठोकली. आज हे लिहिताना कान गरम होतायत.

दोन दिवसांनी वही परत दिली आणि कौतुक ऐकायला तिच्या टेबलाशी उभा राहिलो. ती एकेक पान उलटत गेली. चेहऱ्यावर काही नाही. मग एका लाल प्रश्नचिन्हावर बोट ठेवून म्हणाली, "हा गोल म्हणजे टॉम खाली आपटला आणि परत उठला. रेडिओवाला सांगेपर्यंत मी श्वास रोखून बसायचे."

कॉलेजमध्ये असताना त्याच्या मानेला मोठी दुखापत झाली होती. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी तिला मुलाबद्दल विचारायचो ते फक्त स्कोअर.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सॉरी म्हणालो. नवी वही आणून सगळं उतरवून देतो म्हणालो. ती नको म्हणाली, आणि वही मिटून ड्रॉवरमध्ये ठेवली. शेवटच्या पानापर्यंत ती पोचली नव्हती. निदान तेवढ्यातून सुटलो असं वाटलं... ते पान फाडून परत मागायची हिंमत मात्र झाली नाही.

वाढदिवसाला तिने टॉमला स्वेटर दिला, हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. पुढच्या सीझनमध्ये दर सोमवारी कॉफी घेताना ती सगळ्यांना त्याच्याबद्दल सांगायची. मी आलो की विषय हवापाण्यावर जायचा.

टॉम आणखी दोन वर्षं बहुतेक बेंचवरच बसला आणि मग टीमने त्याला सोडलं. मी लिहिलं होतं अगदी तसंच. बातमी कळली त्या दिवशी मी रिपोर्ट तिच्या ट्रेमध्ये टाकून सटकणार होतो, तेवढ्यात तिने हाक मारली.

"तुम्ही बरोबर होतात, मिस्टर केळकर."

टोमणा नव्हता. आवाजही चढला नव्हता. म्हणजे ते शेवटचं पान तिने वाचलं होतं... आणि दोन वर्षं मुलाची प्रत्येक मॅच ती माझा अभिप्राय डोक्यात ठेवून ऐकत होती.

मी मान खाली घालून तिथून निघालो. डॉरथी आता नाही, आणि त्या शेवटच्या पानाबद्दल तेव्हा मागायची राहिलेली माफी मी आज इथे, तुम्हा सगळ्यांसमोर मागतोय.