महिपतरावांनी पाहिलेला अर्ज

प्रमोदिनीबाई वर्तकनगरात राहतात आणि दुसऱ्यांच्या कंपन्यांतले अडकलेले अर्ज सोडवतात. हल्ली कारखान्यात साधी रजाही कागदावर मागता येत नाही. अर्ज संगणकावर भरायचा, तो एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप सरकतो, आणि मध्येच कुठे रुतला की बाईंना फोन येतो. ऑफिसातली पोरं बिघाड स्क्रीनवर शोधतात. बाई, वय छप्पन्न, माणसाशेजारी खुर्ची टाकून बसतात. पोरं पाठीमागे हसतात. हसोत बापडी.

गेल्या गुरुवारी मोहन्यातल्या एका छोट्या कारखान्यातून तक्रार आली. काळुराम नावाच्या कामगाराची पाळी दर आठवड्याला बदलायची. त्याची आई रखमाबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली आणि रात्री तिच्याजवळ दुसरं कुणी नाही, म्हणून त्याने कायमची दिवसपाळी मागितली होती. तीनदा अर्ज केला, तीनदा उत्तर आलं: ‘पर्यवेक्षक महिपत यांनी नाकारला.’ महिपतराव मात्र शपथेवर सांगत होते, मी नाकारलेलाच नाही. चौथ्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. याही खेपेला नकार आला तर नोकरी सोडतो, असं काळुरामने कळवलं होतं.

“मॅडम, सिस्टीममध्ये काही प्रॉब्लेम नाहीये,” हाताखालचा मुकुल म्हणाला. “सात दिवसांत कुणी बटण दाबलं नाही की अर्ज आपोआप रिजेक्ट होतो. त्यांनी दाबलंच नाहीये. युजरची चूक लिहा ना, तक्रार बंद.”

या धंद्यात अंगण नेहमी दुसऱ्याचंच वाकडं असतं. शुक्रवारी सकाळीच बाई मोहन्याला जाऊन थडकल्या.

महिपतरावांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. “मी आणि काळू वीस वर्षं एकत्र डबा खाल्ला, मॅडम,” ते म्हणाले. “आता तो माझ्याकडं पाठ करून जेवतो.” धास्तीने त्यांनी चौथा अर्ज अजून उघडलाच नव्हता.

“रोज करता तसंच करून दाखवा,” बाई म्हणाल्या.

महिपतरावांनी चष्मा चढवला. अर्ज उघडला, ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. मग टेबलावरची वही ओढली, तारीख टाकली, पुढे काळुरामचं नाव आणि ‘पाहिले’ असं लिहून सही ठोकली. आणि अर्ज बंद केला.

“झालं?”

“झालं की. पाहिला ना.”

बाईंनी वही जवळ ओढून तो शब्द पुन्हा वाचला. त्यांचे वडील कचेरीत कारकून होते. तिथला कारभार याच एका शब्दावर चालायचा. कागदावर ‘पाहिले’ आणि खाली सही दिसली की पुढचा माणूस कामाला लागे. हरकत असली तरच कुणी शाई खर्च करी.

“ते हिरवं बटण कधी दाबलं नाहीत?”

“त्यावर ‘मंजूर’ लिहिलंय. मंजूर करणारा मी कोण? ते मोठ्या साहेबांचं काम. मी आपला पाहिलं म्हणतो.”

संगणकाला ही अदब कुठून कळणार? गप्प माणसाला तो नकार समजतो, आणि वर त्या नकारावर त्याचंच नाव घालतो. याचा मात्र बाईंना खरोखर राग आला. त्यांनी महिपतरावांकडून अर्ज पुन्हा उघडवला आणि बटण त्यांनाच दाबायला लावलं. अर्ज मोठ्या साहेबांकडे सरकला आणि दुपारपर्यंत तिथूनही मंजूर झाला. तक्रारीत कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘माणसाने न दिलेला नकार सिस्टीमने त्याच्या नावावर टाकला.’ बटणावरचा शब्द बदलून ‘पाहिले, हरकत नाही’ करावा, हेही खाली जोडलं.

त्या आठवड्यात काळुराम दिवसपाळीला होता. जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीपाशी एकटाच पाठमोरा बसला होता. मंजुरीचा मेसेज त्याच्या मोबाइलवर येऊन पडला, तरी तो वळला नाही. आपण मध्ये पडावं का, हे बाईंना कळेना. तेवढ्यात महिपतराव डबा काखेत मारून गेले आणि त्यांनी त्याच्यापुढे ती वही उघडून ठेवली.

काळुरामने पानं उलटली. चार तारखा, चार सह्या, चार वेळा ‘पाहिले’. तोही याच कारखान्यात, कागदी अर्जांच्या काळात वाढलेला. त्याला अर्थ समजावून सांगावा लागला नाही. शेवटच्या सहीवर त्याने बराच वेळ बोट ठेवलं.

“पाहिलं,” तो म्हणाला, आणि बाकावर सरकून त्याने जागा केली.