चौकीला डाग

काखेवाले तात्या रामराम घालायच्या आधी माणसाच्या काखेत बोटं घालायचे. पाटील असो की सालदार, "हात वर कर" म्हणायचे आणि चाचपायचे. ते देवी टोचणारे. नंदुरबारहून सायकलवर आमच्या कोरीटला यायचे. लोक हसायचे, पण ते हसू खरं नव्हतं. गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, माझा थोरला भाऊ गेला होता. काखेतली गाठ म्हणजे काय, हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

मी दुसरी नापास. कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, आजही. पण तात्या शेताची राखण सांगावी तसं सांगायचे. "कातडी म्हनजे बाभूयनं कुंपन. ते फाटनं का चोर घुसना." रक्तात पांढरे शिपाई फिरतात, ते हाडातल्या मगजात जन्मतात. घशात, काखेत, जांघेत त्यांच्या चौक्या. डाव्या बरगडीखाली पानथरी, ती सगळ्यात मोठी चौकी, रक्त तिथं चाळून निघतं. देवी टोचायच्या म्हणजे शिपायांना आधी लंगडा चोर दाखवून ठेवायचा. खरा आला की ते त्याला ओळखतात.

मी म्हटलं, "तात्या, तुमले दिसतस का त्या शिपाई?"

"मले नही दिसत. तुले तुन्हं काळीज दिसस का? मंग शे का नही?"



एका वर्षी त्यांनी माझ्या तीन वर्षांच्या सोनीला देवी टोचल्या. निघताना म्हणाले, काखेत गाठ येईल, घाबरू नका, आठव्या दिवशी मी बघायला येतोच. मी बैल जुंपत होतो. ऐकलं, आणि सोडून दिलं.

सातव्या दिवशी पोरगी तापली. काखेत सुपारीएवढी गाठ. तात्यांचं बोलणं डोक्यातून पार पुसलं गेलं. डोळ्यांपुढे फक्त भाऊ. शेजारचे भिका आबा दारातूनच ओरडले, "गाठ शे रे! पोरले गावबाहेर काढ. डाग दे, नही ते गाव मरी." डाग म्हणजे तापलेला विळा. आम्ही गुरांना देतो, माणसांनाही द्यायचो.

पोर उचलून मी मळ्यातल्या झोपडीत नेली. सकाळी शेणीच्या विस्तवात विळा घातला. बायको तोंडात पदर कोंबून बसली होती. सोनी रडत नव्हती. लाल होत चाललेल्या विळ्याकडे नुसती बघत होती. ते बघणं मला अजून दिसतं.

तेवढ्यात कुंपणाशी सायकल आदळली. गावात कोणीतरी सांगितलं असणार. तात्या धापा टाकत आत आले, त्यांनी रामराम केला नाही, मला नुसतं बाजूला लोटलं. सोनीच्या काखेत बोटं घातली, दंडावरचा फोड पाहिला, डोळे पाहिले.

"हाई चोर नही, चौकी शे! शिपाई जमनात म्हनीसन फुगनी. आणि तू चौकीलेच डाग दी ऱ्हायना?"

मी हेका सोडला नाही. "आणि खरी गाठ राहिनी ते?"

"ते मी आठेच शे," म्हणाले, आणि पोरीला मांडीवर घेऊन तिथंच बसले. तिच्या ताटलीतलीच पेज खाल्ली. गावातलं कोणी मळ्याकडे फिरकत नव्हतं. गाठ बसली तेव्हाच ते उठले. विळ्याची गोष्ट त्यांनी गावात कधीच काढली नाही. मीही त्यांना दोन चांगले शब्द बोललो नाही. आमच्या घराण्यात तशी सवय नव्हती.

पुढं दोन-तीन वर्षांनी उंदीर मरून पडू लागले. गाव उठून मळ्यांत झोपड्या टाकून राहिलं. एका दुपारी तात्या आले, पायी. कुंपणाच्या बाहेरच थांबले. चेहरा उतरलेला, एक हात अंगापासून लांब धरलेला.

"आत या ना, तात्या."

"नको. पोर कशी शे?"

सोनी धावत निघाली, तशी बायकोनं तिला धरली. तात्यांनी लांबूनच तिला हात वर करायला लावला आणि मान हलवली. मी त्यांच्या त्या हाताकडे बघत होतो.

"चौकी शे ना, तात्या?"

"नही भाऊ," ते म्हणाले. "या हातनी चौकी हारनी."

पाणी मागितलं. मी तांब्या भरून कुंपणाशी ठेवला आणि चार पावलं मागं सरलो. ते पाणी प्यायले, तांब्या तिथंच पालथा घातला, आणि बांधाबांधानं निघून गेले. पुन्हा दिसले नाहीत.

सोनी आता नातवंडांची आजी आहे. तिच्या दंडावर देवीचे वण आहेत, काखेत डाग नाही. माझ्या पोरीसाठी तो माणूस कुंपणाच्या आत आला होता. मी त्याच्यासाठी बाहेर गेलो नाही.