खरात सरांचा हीटर

मराठवाड्यातल्या मंठ्यात राहून मोटारीचा हीटर दुरुस्त करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, खरात सर. एप्रिलचा महिना, अंगणात पाय ठेवला तर पोळायचा, आणि सर लिंबाखाली उभ्या केलेल्या जुन्या गाडीत, डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणे पडलेले. येणारा-जाणारा म्हणायचा, "सर, थंड हवेचं काही बसवा की!" सर आतूनच उत्तर द्यायचे, "बसवतो. आधी हे होऊ द्या."

सर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवून निवृत्त झालेले, मी प्राथमिक शाळेतून. त्यांची बायको गेली त्याच्या आदल्या वर्षी माझे यजमान गेले होते. माझा मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. आमच्या दोन अंगणांत कमरेएवढी भिंत. ते मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'सर'. दिवसभरात माझ्या तोंडून जे काही शब्द निघायचे, ते बहुतेक त्या भिंतीवरूनच.

"आधी नळी बघायची, मंग मशीनला नावं ठेवायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा गॅस पेटेना तेव्हाही हेच, मोटर पाणी चढवीना तेव्हाही हेच. आणि दोष खरंच नळीत निघायचा.

"हीटर म्हंजे काय बाई, छोटा रेडिएटर," ते मला समजावत. "इंजिनाचं गरम पाणी यातून फिरतं, पंखा मागून हवा मारतो. पाणीच गरम न्हाई, तर पंखा काय करील?" इंजिन तापल्याशिवाय पाणी फिरू न देणारा थर्मोस्टॅट त्यांच्या गाडीत नव्हताच. "गाडी तापंल या भीतीनं आपल्याकडं काढूनच टाकतेत. मीबी पोरांना तेच शिकवलं." हे बोलताना ते जरा ओशाळले. जालन्याला चार खेपा करून त्यांनी तो मिळवला. छोट्या रेडिएटरमधून बादलीभर तांबडं गंजाचं पाणी काढलं. समोरच्या काचेकडे हवा नेणाऱ्या नळ्या फाटल्या होत्या, त्या बदलल्या.

दिवाळीनंतरच्या एका गार सकाळी त्यांनी मला हाक मारली. काचेवर वाफ धरते का, ती किती वेळात जाते, हे बघायचं होतं. "माझ्या एकट्याच्या श्वासानं काच धरंना. बसता का जरा?"

मी पायाशी उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन शेजारी बसले. काचा वर केल्या. बघता बघता सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या, गल्ली दिसेनाशी झाली. तेव्हा मी विचारलं, "सर, हे कशासाठी चाललंय?"

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ फडक्यानं पुसली. मग म्हणाले, "प्रज्ञासाठी."

प्रज्ञा त्यांची एकुलती मुलगी. तिनं न विचारता लग्न केलं आणि नवऱ्याच्या गावी, उत्तराखंडात डोंगरात राहायला गेली. आई गेल्यावर ती आली होती. तेव्हा दारातच सर तिला म्हणाले, "आता आलीस व्हय बघायला?" ती पाणीही न पिता परत गेली. त्यानंतर बोलणं नाही.

"रेल्वेनं का नाही जात?" मी म्हटलं.

"गेल्तो की निघून, परतूरच्या स्टेशनापोत्तर. तिकीट काढून परत आलो. बाई, तिनं दार न्हाई उघडलं तर मी बसू कुठं? गाडी असली तर गाडीत बसता येतं. तिथं बर्फ पडतो म्हणं. रोज दारासमोर बसंन. काच साफ राहिली तर ती बाहेर आलेली तरी दिसंल."

त्यांनी पंखा लावला. काचेच्या खालच्या कडेला वाफेत दोन भोकं पडली, मोठी होत गेली. आधी समोरची भिंत दिसली, मग दूधवाला, मग आमच्याकडे टक लावून उभी असलेली शेजारीण.

"साडेचार मिनिटं," मी घड्याळ बघून सांगितलं.

"लई झाली," सर म्हणाले. मला मात्र ती कमी वाटली.

महिनाभर खपून त्यांनी ती दोन मिनिटांवर आणली. मग भिंतीपाशी येऊन उभे राहिले. "बाई, गाडी झाली. पण जावं का न्हाई, कळंना. तुम्ही सांगा."

ते कुणाला कधी विचारणारे नव्हते. मी म्हटलं, "जा सर. उद्याच निघा."

सहाव्या दिवशी सरांचा फोन आला. "बाई, दार उघडलं. मी गाडीतून उतरायच्या आधीच. हीटर चालूबी करावा लागला न्हाई." मागून प्रज्ञाच्या लहान मुलीचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "छान झालं सर. परत यायची बिलकुल घाई करू नका."

त्यांनी केली नाही. होळीनंतर बापलेक घर रिकामं करायला आले. दोन दिवसांत सामान निघालं. जाताना सर म्हणाले, "या बाई कधी तिकडं." मी हो म्हटलं. ते रिक्षात बसल्यावर प्रज्ञा माझ्या पाया पडायला आली.

"बाबा सांगतात, तुम्ही 'जा' म्हणालात म्हणून ते आले. नाहीतर निघालेच नसते."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "सांभाळ त्यांना," एवढंच म्हटलं. 'जा' म्हटल्यावर त्या दिवशी घरात येऊन मी गॅससुद्धा पेटवला नव्हता, हे तिला सांगण्यासारखं नव्हतं.