आधी कोणता प्रश्न?

बोईसरच्या बाजारात एका सर्व्हेचा फॉर्म भरला की पेन फुकट मिळत होतं. मी हावरटासारखा पुन्हा रांगेत शिरलो आणि दुसराही फॉर्म भरला.

टेबलामागच्या बाईंनी केसांत पेन्सिल खोचली होती. त्यांनी माझे दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि टेबलावर तळहात आपटत हसू लागल्या. पहिल्यात ‘तुम्ही चांगला नवरा आहात का?’ हा प्रश्न आधी होता. मी लिहिलं होतं, ‘उत्तम’. दुसऱ्यात आधी होतं, ‘घरकाम किती करता?’ त्यानंतर मी ‘ठीकठाक’ नवरा झालो होतो. बायको शेजारीच उभी. माझं खोटं उघडं पडलं!

“घाबरू नका काका, तुमी खोटं नाय बोललात,” बाई म्हणाल्या. “उत्तर मनात आधीपासून तयार नसतंच. पहिला प्रश्न माणसाला हलवतो, मग दुसऱ्याचं उत्तर बदलतं. अणूंचं क्वांटम गणित असंच हाय. तेच आमी आता माणसांना लावून बघतो.”

मी तरंगायलाच लागलो. मी खोटारडा नव्हतो, मी अणू होतो! रिक्षात बसेपर्यंत हे मी बायकोला तीनदा ऐकवलं.

ती म्हणाली, “बरं झालं कळलं. उद्यापासून ‘भांडी घासलीत का?’ हे आधी विचारीन, आणि ‘चहा हवा का?’ मागाहून.”