हुंबाडा

रूपराव लहानपणी भूक लागली की रडायचा नाही, नुसतं ‘हुं, हुं’ करायचा. म्हणून आई त्याला हुंबा म्हणायची. इतकाच त्या शब्दाचा जन्म. पुढं अंग सुटलं, आणि असं सुटलं की गाडीत कापूस दाबायला अख्खं हिंगणी गाव त्यालाच बोलावू लागलं. तो वर चढून नाचला की गाडीत दुप्पट कापूस मावायचा. काम झाल्यावर खाली उतरताना त्याची उडणारी फजिती बघायला लोक मुद्दाम थांबायचे. तिथंच हुंब्याचा हुंबाडा झाला. मग आमच्या गावाला मोठ्या कशालाही मोठं म्हणवेना. हुंबाडं वांगं, हुंबाडा खड्डा, हुंबाडी म्हैस. मास्तरसुद्धा वर्गात हुंबाडा भागाकार घालू लागले. काय निर्लज्ज गाव! तो समोर उभा असताना बोलायचं आणि वर म्हणायचं, "तुले नाई म्हटलं गा, म्हशीले म्हटलं."

पंगतीत त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं. बायको रुखमा गेली. तो तिरडीला खांदा द्यायला पुढं झाला, तर मागून कुणीतरी म्हणालंच, "हुंबाडा खांदा आला." आणि माणसं तोंड फिरवून हसली.

लेक वर्षालीच्या सासरी हा शब्द जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी जवळची चांगली स्थळं नाकारून त्यानं तिला लांब जाम गावी दिली. लग्नाआधी घरोघर जाऊन हात जोडले, "पाव्हण्यांसमोर तेवढं बोलू नोका." त्या दिवशी गावानं तोंड आवरलं. आपण केवढे उपकार केले, हे लोक अजून सांगत फिरतात.

परवा तो पहिल्यांदा लेकीकडं गेला. जावई अंकुशचा हायवेला ढाबा आहे. फलकावर लाल अक्षरं होती: हुंबाडी थाळी.

"वर्षालीनंच नाव देल्लं, मामाजी," अंकुश कौतुकानं म्हणाला. "गिऱ्हाईक तुटून पडून राह्यलं. कुठचा शब्द व्हय हा?"

रूपरावानं लेकीकडं पाहिलं. ती घाईनं म्हणाली, "असाच हाय. गावात सारेच म्हंतात."

"हो," तो म्हणाला. "असाच हाय."

तो बाकावर बसला. बाक करकरला. शेजारी जेवणाऱ्या ट्रकवाल्यानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग फलकाकडं.

"मालक, तुमची थाळी तं इथं बसली हाय!"

सगळ्यात आधी हसली ती वर्षाली.