काचेच्या भांड्यातली सवत

मखमलाबादच्या शुभांगीला सवत होती आणि ती काचेच्या भांड्यात राहायची.

सवत म्हणजे मलेरियाचे जंतू. शुभांगीचा नवरा यादव नाशकातल्या एका संशोधन केंद्रात तंत्रज्ञ होता. नव्या औषधांची परीक्षा घ्यायला जिवंत जंतू लागतात, ते वाढवायचं काम त्याचं. माणसाचं रक्त आणि गुलाबी पोषकद्रव घातलेल्या बशा तो एका मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवायचा. या मंडळींना प्राणवायू जास्त झालेला सोसत नाही, म्हणून आत मेणबत्ती लावून झाकण घालायचं, ज्योत विझली की वरची तोटी बंद करायची, आणि भांडं उबदार पेटीत. हे सगळं यादव घरी इतक्या मायेनं सांगायचा, की शुभांगीला नवरा परक्या बाईच्या खोलीत दिवा लावताना दिसायचा.

"रोज जेवण बदलावं लागतं गं त्यांचं," तो म्हणायचा.

"मी काय जेवले, ते विचारलंत कधी?"

रविवार असो, दिवाळी असो, याची सायकल तिकडे. सासू भागुबाई मळ्यात झेंडू तोडता तोडता भर घालायची, "डासाची पोरं सांभाळतोय शुभे तो. सोताची पोरं कितवीत हायती, इचार त्याला."

अठ्ठ्याण्णव साली दसऱ्याला आपण दोघं मिळून फुलं विकायला बसू, असं यादवनं कबूल केलं होतं. शुभांगी त्यावर महिनाभर खूश होती. पण दसऱ्याच्या तोंडावर रक्तपेढीतून रक्त मिळेना. मग याने ठरवलं, आपलंच द्यायचं. नेमकं तेव्हाच त्याचं अंग मोडून आलं. शुभांगीनं गोळी पुढे केली.

"नको. परवा रक्त द्यायचंय. गोळीचं औषध रक्तात उतरतं."

"कुणाला द्यायचंय?"

"त्यांना."

एवढ्या एका शब्दानं शुभांगीचं टाळकं फिरलं. पावसाळ्यात भागुबाईला ताप आला तेव्हा आरोग्यसेवकानं दिलेल्या मलेरियाच्या गोळ्या फडताळात उरल्या होत्या. तिनं त्या कुटल्या आणि गुळवेलीच्या काढ्यात ढवळल्या.

"आज फार कडू आहे," यादव म्हणाला.

"संसारही आहे. पिताय ना?"

यादव बरा झाला. रक्तही देऊन आला. दसऱ्याला "जरा डोकावून येतो" म्हणून गेला, तेव्हा शुभांगीनं तोंड फिरवलं. पण तो खरंच लवकर आला आणि नाशकातल्या रविवार कारंजा चौकात फुलांच्या ढिगापाशी तिच्या शेजारी बसला. ती मनातून फुलली. गिऱ्हाइकांना मूठमूठ फुलं जास्त टाकू लागली. मग तिचं लक्ष गेलं. यादव एकाच फुलातून पुन्हा पुन्हा सुई काढत होता.

"काय झालं?"

"मेले. सगळे."

शुभांगीला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. पण यादव शेजारी बसूनही तिकडेच होता. सवत जिवंत होती तेव्हा निदान संध्याकाळी घरी तरी यायचा. मेलेल्या सवतीशी भांडायचं कसं?

"केंद्रातल्या मॅडम म्हणतात, रक्तातच औषध होतं. मी म्हटलं, मी गोळीला हात लावलेला नाही. त्या नुसत्या हसल्या. इतक्या वर्षांत मला खोटं ठरवलं नव्हतं कुणी."

आता मात्र तिला राहवेना. आपल्या नवऱ्याला खोटं ठरवायचा अधिकार आपला, ही कोण मॅडम?

"काढ्यात होत्या," ती तोरणाची गाठ मारत म्हणाली. "मीच घातल्या."

दोन गिऱ्हाइकं यादवला भाव विचारून निघून गेली.

"का?"

"रक्त त्यांना, आणि ताप तेवढा मला?"

त्यानं सुई फुलात टोचून ठेवली. "थोडे जंतू गोठवून ठेवलेले असतात. त्यांना पुन्हा उठवता येईल. पण रक्त पाहिजे." मग तिच्याकडे न बघता विचारलं, "तुझा रक्तगट ‘ओ’च ना?"

"माझं रक्त? तिला?"

पण गेली. मॅडमसमोर उभी राहून म्हणाली, "गोळ्या मी दिल्या. यांना ठाऊक नव्हतं," आणि दंड पुढे केला. मॅडम या वेळी हसल्या नाहीत.

जंतू उठले, वाढले. यादवनं तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. तांबड्या पेशींत नाजूक निळी कडी, कड्याला लाल ठिपका.

"अंगठीसारखे दिसतात ना?"

"लग्नात मला एक अंगठी घातली नाहीत," शुभांगी डोळा न काढता म्हणाली, "आणि इथं माझ्याच रक्तात घरोघर वाटल्यात."

तरी ती बराच वेळ बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात यादव जेवता जेवता सांगू लागला, की आता तिथली शिकाऊ पोरगी, दिशा, रक्त देणार आहे. ताज्या पेशी घालाव्या लागतातच.

शुभांगीची पोळी तव्यावर करपली.

"दिशाचं का म्हणून? माझ्यावर वाढले ना ते?"